ऊरुभंगातील दुर्योधन

दुर्योधन म्हटला की द्यूतसभा, द्रौपदीची विटंबना आणि सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी न देण्याचा हट्ट या गोष्टी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. शास्त्रकारांनीही त्याची जागा ठरवून टाकली होती. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायक हा लोभी, उद्धत, पापकर्मी व व्यसनी सांगितला आहे, आणि त्यावरील टीकेत उदाहरणे आली ती रावण व दुर्योधन यांचीच. मात्र हाच दुर्योधन एका संस्कृत नाटकात निराळ्या रूपाने भेटतो.

भास या नाटककाराचा उल्लेख कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त आदराने केला आहे, पण त्याची नाटके कित्येक शतके लुप्त मानली जात होती. टी. गणपतिशास्त्री यांना केरळी परंपरेतील ताडपत्रांवर तेरा नाटके मिळाली आणि १९१२ पासून ती त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध झाली. पोथ्यांवर कर्त्याचे नाव नव्हते. ती सर्व भासाचीच की काय, याविषयी विद्वानांत अजूनही एकमत नाही. त्यांतील ‘ऊरुभंग’ हे एका अंकाचे नाटक. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये हा संकेत मोडून ते नायकाच्या मृत्यूने संपते. आणि तो नायक म्हणजे दुर्योधन.

महाभारतानेही त्याला सर्वस्वी काळा रंगविलेला नाही. भीमाची गदा नियम मोडून मांडीवर बसली हे व्यास लपवीत नाहीत. पडलेल्या दुर्योधनावर पुष्पवृष्टी झाल्याचेही सांगतात. परंतु तेथे त्याचे वैर अखेरपर्यंत जळत राहते. मरता मरता तो अश्वत्थाम्याला सेनापतिपद देतो आणि झोपलेल्या वीरांची कत्तल झाल्याचे ऐकून समाधानाने प्राण सोडतो.

नाटककाराने नेमकी हीच जागा बदलली. भीमावर चालून निघालेल्या बलरामाला दुर्योधन आवरतो. कुरुकुलाला तिलांजली द्यायला पांडव तरी जगू देत, असे म्हणतो. पुढे धृतराष्ट्र, गांधारी, दोघी राण्या आणि लहानगा दुर्जय रणभूमीवर त्याला शोधीत येतात. दुर्जय सवयीने बापाच्या मांडीवर बसू पाहतो आणि दुर्योधनाला त्याला अडवावे लागते. मांडी तीच, जी त्याने भरसभेत द्रौपदीला दाखविली होती. आज तिच्यावर स्वतःचे मूल बसू शकत नाही. बाप शंभर भावांकडे चालला आहे हे ऐकून मूल म्हणते, मलाही ने. तेव्हा हे भीमाला जाऊन सांग, असे उत्तर येते. या उत्तरातील कडवटपणा ध्यानात घेतला पाहिजे. दुर्योधन येथे एका क्षणात संत झालेला नाही. तरीही पांडवांची सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, द्रौपदी व सुभद्रा यांना मातेसमान मान, हा उपदेश तोच त्या मुलाला करतो.

पुढे अश्वत्थामा सूडाची भाषा बोलू लागतो. दुर्योधन तेव्हा आपली कृत्येच मोजून दाखवितो: द्यूतसभेत ओढलेले द्रौपदीचे केस, रणात मारलेला कोवळा अभिमन्यू, कपटाच्या फाशांनी वनात धाडलेले पांडव. यापुढे पांडवांनी आपले केले ते थोडेच, असा त्याचा निवाडा आहे. त्याच्या पापांवर नाटककाराने पांघरूण घातलेले नाही. त्यांचा उच्चार पापकर्त्याच्याच मुखातून करविला आहे. आरोपी आणि न्यायाधीश एकाच देहात आल्यामुळे प्रेक्षकाला त्याचा सरळ धिक्कार करता येत नाही, आणि त्याला निर्दोष म्हणून सोडताही येत नाही.

पात्राला खोली येते ती येथे. दुष्टाच्या अंगी दोन-चार सद्गुण चिकटविले, किंवा त्याच्यावर झालेल्या अन्यायाची कैफियत मांडली, म्हणजे पात्र गुंतागुंतीचे होते हा समज अपुरा आहे. आपल्या कर्माचे मोजमाप त्या पात्राला कळले पाहिजे, आणि कळूनही कर्म पुसले जाता कामा नये. ‘ऊरुभंगा’त ते पुसले जात नाही. दुर्योधनाने शस्त्र खाली ठेवण्याविषयी सांगितल्यावरही अश्वत्थामा ऐकत नाही. तो दुर्जयाला राजा म्हणून घोषित करतो आणि रात्रीच्या संहाराचा निश्चय सांगतो. ज्याने वैर पेटविले त्याच्या शब्दानेही ते आता विझत नाही. दुर्योधनाचे शहाणपण खरे आहे. ते फार उशिरा आले, हेही तितकेच खरे आहे.