स्ट्रेची, सर आर्थर
(१८५८–१९०१). मुंबई उच्च न्यायालयाचे ब्रिटिश न्यायाधीश व नंतर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. प्रशासक सर जॉन स्ट्रेची यांचे पुत्र. १८९५ मध्ये मुंबईस नेमणूक. ‘केसरी’तील लेखनावरून लोकमान्य टिळकांवर (पहा : टिळक, बाळ गंगाधर) भरलेला १८९७ चा राजद्रोह खटला त्यांच्यापुढे चालला. भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४ अ मधील अप्रीती म्हणजे सरकारविषयी प्रीतीचा अभाव, असा फारच व्यापक अर्थ त्यांनी ज्यूरीला सांगितला. ज्यूरीचा कौल ६ विरुद्ध ३. टिळकांना निर्दोष मानणारे तिघेही भारतीय. १४ सप्टेंबरला १८ महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. १८९८ मध्ये स्ट्रेची अलाहाबादला गेले. केदारनाथ सिंग खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम १२४ अ हिंसाचार वा अव्यवस्थेच्या चिथावणीपुरते मर्यादित केले (पहा : राजद्रोह).