गाडी जुनी, इंजिन बदललेलं: मग प्लग कोणता?



ज्यांचं बालपण महाराष्ट्रात गेलं, त्यांना सकाळी सकाळी स्कूटर एका अंगाला तिरकी करणारे बाबा नाहीतर काका आठवत असतील. तेवढ्याने भागलं नाही की पाना लावून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि परत किक. आपल्यातल्या बहुतेकांची प्लगशी ओळख एवढीच. पण तुमच्यापैकी काहींनी इथे ब्रिटनमध्ये हौसेने जुनी एमजीबी किंवा मिनी घेतली आहे, आणि हेड, कॅमशाफ्ट, कार्बोरेटर बदलून तिची ताकद वाढवली आहे. अशा गाडीत चुकीचा प्लग बसला तर प्रकरण फुंकरीवर निभावत नाही. पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून आज या छोट्या वस्तूचा इतिहास ऐकू या; निवड कशी करायची ते त्यातूनच कळेल.

आपल्या रेडिओशी या गोष्टीचं जवळचं नातं आहे. सर ऑलिव्हर लॉज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८९४ साली ऑक्सफर्डमध्ये बिनतारी संदेशाचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे ते बर्मिंगहॅम विद्यापीठाचे प्रमुख झाले. विजेच्या ठिणगीवरच्या त्यांच्या कामातून त्यांच्या मुलांनी, ब्रोडी आणि ॲलेक यांनी, व्यवसाय उभा केला. रग्बी गावच्या कारखान्यातले 'लॉज' प्लग त्यातूनच आले.

दुसरं मोठं नाव केनेल्म ली गिनेस. बिअरवाल्या गिनेस घराण्यातला हा शर्यतपटू. शर्यतीच्या तापलेल्या इंजिनात त्या काळच्या प्लगची चिनी माती तडकायची. त्याने अभ्रकाचे थर वापरून स्वतःचा प्लग बनवला, आणि १९१२च्या सुमारास लंडनजवळ पटनी व्हेलमध्ये एका जुन्या खानावळीच्या जागेत कारखाना काढला. त्याच्या नावाची आद्याक्षरं घेऊन 'केएलजी' प्लग प्रसिद्ध झाले. १९२२ साली ब्रुकलँड्सला त्याने स्वतः ताशी १३३.७५ मैलांचा विक्रम केला. त्या जागी आज अ‍ॅस्डाचं दुकान आहे. तुमच्यापैकी काही जण तिथूनच दूध-ब्रेड आणत असतील. त्या काळी जगाला लागणाऱ्या उत्तम अभ्रकाचा मोठा वाटा आपल्या कोडरमा-हजारीबाग भागातून जात असे.

मग अभ्रक गेला कुठे? पेट्रोलमध्ये शिसं आलं आणि त्याने अभ्रकाला खायला सुरुवात केली. प्लग पुन्हा बदलला आणि ॲल्युमिनाचं पक्कं सिरॅमिक आलं. थोडक्यात काय, इंजिनाचा ताप वाढला किंवा इंधन बदललं की प्लगलाही बदलावं लागलं. तुम्ही घरच्या गॅरेजमध्ये इंजिन बदलता तेव्हा हाच इतिहास लहान प्रमाणावर घडत असतो.

आता कामाचं. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याहून गार राहिलं तर काजळी जळून जात नाही आणि गाडी मिसफायर करते. फार तापलं तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटतं, आणि पिस्टन वितळतो तो तिथेच. उष्णता हेडकडे लवकर सोडणारा तो 'थंड' प्लग, धरून ठेवणारा तो 'गरम'. कॉम्प्रेशन वाढवलं की ताप वाढतो, म्हणून प्लग थंड घ्यायचा.

एमजीबीचं उदाहरण घ्या. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीत १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं असलेलं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, म्हणजे दोघी चुलत बहिणीच. सुरुवातीच्या एमजीबीचं कॉम्प्रेशन ८.८ ला १ होतं आणि तिला एनजीकेचा बीपी६ईएस किंवा चॅम्पियनचा एन९वायसी चालतो. ते १०च्या आसपास नेलं असेल तर एक पायरी थंड जाऊन पाहा.

इथेच खरी गंमत आहे. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे बीपी७ईएस. चॅम्पियन आणि बॉशमध्ये नेमकं उलट: एन७वायसी थंड, डब्ल्यू७डीसीपेक्षा डब्ल्यू६डीसी थंड. आमच्या आयटीत दोन सिस्टिम एकाच आकड्याचा वेगवेगळा अर्थ लावतात तेव्हा रात्री-अपरात्री फोन येतात. इथे फोन येत नाही, इंजिन जातं. म्हणून एका कंपनीच्या आकड्यावरून दुसरीचा अंदाज बांधू नका. तुलनेचा तक्ता पाहा.

दुसरी गोष्ट आट्यांची. या इंजिनाला १४ मिलिमीटर व्यासाचे आणि १९ मिलिमीटर लांबीचे आटे लागतात. लांबी कमी पडली तर हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन साचतो; जास्त झाली तर पिस्टन प्लगवर आदळू शकतो. उंच माथ्याचे पिस्टन बसवले असतील तर पुढे आलेल्या टोकाच्या प्लगला आत जागा आहे का, तेही तपासा.

तिसरी गोष्ट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं असेल तर नावात 'आर' असलेला, म्हणजे रेझिस्टर प्लग घ्या, उदाहरणार्थ बीपीआर६ईएस. त्या इग्निशनला त्रास होत नाही, आणि गाडीत आमचा कार्यक्रम ऐकताना खरखरही कमी येते! फटीचं मूळ माप ०.०२५ इंच आहे. कॉइल जोरदार असेल तर ती थोडी वाढवता येते, पण कॉइलवाल्याने सांगितलं असेल तेवढीच.

शेवटी प्लग वाचायला शिका. चांगली धाव झाल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि चारही प्लग काढून ओळीने ठेवा. टोक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर जमलं. कोरडं काळं असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग फार थंड आहे. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर गाडी तिथेच थांबवा. मात्र मुलांना शाळेत सोडण्यापुरती थोडं थोडं अंतर चालणारी गाडी असेल, तर इंजिन कितीही सजवलेलं असो, शर्यतीचा थंड प्लग घालू नका. तो काजळीने भरणार. प्लग ठरवताना गाडी प्रत्यक्षात कशी चालवता ते बघा, हौस किती आहे ते नको.

चार प्लगचा संच आणि नवं इंजिन यांच्या किमतीतला फरक तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. तेव्हा या रविवारी बोनेट उघडा, प्लगवरचा नंबर वाचा आणि कागदावर लिहून ठेवा. भेटू या पुढच्या भागात. नमस्कार!