परवलीचा शब्द : स्मृतीवर लादलेले ओझे

‘पासवर्ड’ला मराठीत ‘परवलीचा शब्द’ हा पर्याय आधीपासूनच तयार होता. तो पहाऱ्याच्या जगातला शब्द आहे. रात्री पहारेकऱ्याने हटकले की उच्चारायचा. अशा शब्दाचा सर्वांत भीषण दाखला जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकात सापडतो. यार्देन नदीच्या उतारांवर गिलादी सैनिक प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. एफ्राइमी माणसाच्या जिभेला ‘श’ जमत नसे; तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तेथेच मारला जाई. मृतांची संख्या ४२,००० दिली आहे. लक्षात घेण्याजोगे हे, की येथे शब्द गुप्त नव्हताच. ओळख पटत होती ती उच्चारावरून, म्हणजे माणसावरून. संगणकाने शब्द तेवढा ठेवला आणि माणसाकडे पाहणारा पहारेकरी काढून टाकला. घरोघरी आज पासवर्डची जी कटकट चालते, तिचे मूळ माझ्या मते या बदलात आहे.

संगणकावर हा शब्द आला तो एमआयटीत, १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था उभारली होती. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि वाट्याला आलेल्या वेळेचा हिशेब लागावा, एवढ्यासाठी पासवर्ड. चोराचा विचार फारसा कोणी केला नव्हता, आणि पहिला चोर आतलाच निघाला! ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आपला वेळ पुरेना, म्हणून १९६२ साली त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून मागवली. यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पुढे १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या मजकुराऐवजी ती संपूर्ण यादी झळकली.

त्यानंतर पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचे उलट न फिरवता येणारे गणिती रूप साठवण्याची पद्धत आली. परंतु रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात एक वेगळाच प्रश्न पुढे आणला. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, अगदी तोकडे किंवा शब्दकोशात वा नावांच्या याद्यांत सापडणारे होते. (याच मॉरिस यांच्या मुलाने १९८८ साली इंटरनेटवर सोडलेला ‘वर्म’ पासवर्ड ओळखण्यासाठी ४३२ शब्दांची यादी सोबत घेऊन हिंडत होता. वडिलांचे निष्कर्ष मुलाने असे पडताळून पाहावेत, हा योग विलक्षणच.)

यातून जे उपाय निघाले त्यांचा भार वापरणाऱ्यावर पडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये मार्गदर्शिका लिहिली. तिचा गाभा असा : एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह, आणि ठरावीक मुदतीने बदल. जगभरच्या कचेऱ्यांनी आणि बँकांनी तो वेदवाक्यासारखा स्वीकारला. लोकांनी काय केले? जुन्याच शब्दाच्या शेवटी १ च्या जागी २ लिहिले. २०१७ मध्ये बर यांनी या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला; आधाराला त्यांच्याजवळ १९८० च्या दशकातील एक जुने टिपण तेवढे होते. त्याच वर्षी संस्थेने नियम फिरवला : लांबीला महत्त्व द्यावे, चिन्हांची सक्ती नको, आणि पासवर्ड फुटल्याचे कळल्याखेरीज तो बदलायला लावू नये. आपल्याकडील अनेक संकेतस्थळे मात्र अजून जुन्याच पोथीवर चालतात.

वापरणाऱ्याला आळशी ठरवणे सोपे असते. २००९ मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा त्यांत ‘१२३४५६’ सर्वाधिक आढळला म्हणून लोक हसले. कंपनीने ते सारे उघड्या मजकुरात साठवले होते, ही गोष्ट त्या हसण्यात मागे पडली. अशा फुटलेल्या याद्या हाच पुढे चोरांचा शब्दकोश झाला. एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड ते इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतात. म्हणूनच प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा हवा, निदान ई-मेलचा आणि बँकेचा तरी. इतके लक्षात ठेवणे मानवी स्मृतीचे काम नव्हे; ते पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपकडे सोपवावे. घरातल्या कपाटात कुलपाआड ठेवलेली वहीसुद्धा एकच शब्द सर्वत्र वापरण्यापेक्षा बरी, कारण दूरदेशीच्या चोराला ते कपाट उघडता येत नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. पुढे त्यासाठी ओटीपी रूढ झाला. पहारेकरी काही अंशी परत आला म्हणायचा. पण आता परवलीचा शब्द विचारायला चोरच फोन करतो आणि आपण बँकेतून बोलत असल्याचे सांगतो.

जो एखादा पासवर्ड पाठ ठेवणे भागच आहे, त्यासाठी चार असंबद्ध शब्दांची माळ उत्तम : अडकित्ता, पावती, कंदील, समुद्र, या धर्तीची. (नेमकी हीच नको, ती आता छापली गेली.) ती रोमन अक्षरांत लिहावी, म्हणजे कोणत्याही कळफलकावर अडचण येत नाही. साहित्याच्या माणसाला येथे एक मोह होतो : आवडत्या अभंगाचा चरण घेण्याचा. तो टाळावा. गाण्यांच्या ओळी आणि धर्मग्रंथांतील वचने चोरांच्या याद्यांत केव्हाच जाऊन बसली आहेत.