तळीये : साडेआठ ते साडेआठ

22 जुलै 2021ला महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. त्या दिवसाचा घटनाक्रम लिहायचा, तर प्रत्येक वेळेमागे एक संदर्भ लागतो. तो आज बहुधा एंडनोट, मेंडेली किंवा झोटेरो अशा संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवलेला असतो. 1 सप्टेंबर 2022 पासून मेंडेली डेस्कटॉप नव्याने डाउनलोड करणे बंद झाले आणि अभ्यासकांपुढे आपला संग्रह दुसरीकडे नेण्याचा प्रश्न आला. असा संग्रह हलवताना त्या दिवसातले काय हातचे जाऊ शकते, ते तासांच्या क्रमानेच पाहायला हवे.

दरडीआधी सुमारे आठ तास : गुरुवार, सकाळी 8.30

हवामान विभागाचा पावसाचा दिवस या वेळी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी याच वेळी संपतो. महाबळेश्वरची 24 तासांत 594.4 मिलिमीटर ही गाजलेली नोंद 23 जुलैच्या सकाळची आहे. म्हणजे तिच्यातले आठेक तास दरडीआधीचे, सोळा दरडीनंतरचे. संग्रह एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याची एक वाट म्हणजे बिबटेक्स फाइल; तिच्या मूळ रचनेत वर्ष आणि महिना यांना रकाना आहे, दिवसाला नाही. त्या वाटेने संग्रह नेला तर नोंदीत ‘जुलै 2021’ एवढेच उरू शकते. मग घाटमाथ्यावरचा तो सगळा पाऊस दरडीआधीच पडला होता, असे सहज लिहिले जाते. मला हा सर्वांत मोठा धोका वाटतो. किती पाऊस झाला की डोंगराखालची वाडी रिकामी करायची, हे उद्या अशाच आकड्यांवरून ठरणार आहे.

दुपार

सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरलेले. रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाहीत. या तासांबद्दल जे कळते ते बरेचसे वाचलेल्या माणसांनी नंतर सांगितलेले. असे बोलणे अभ्यासक संदर्भाखालच्या टिपणात उतरवून ठेवतो. संग्रह नेण्याची दुसरी वाट असलेल्या आरआयएस फाइलमधून टिपण सहसा पलीकडे जाते, फोल्डरांची रचना मात्र जात नाही. तळीये, त्याच पावसात दरडी कोसळलेली पोलादपूर तालुक्यातली केवनाळे आणि सुतारवाडी, 2005च्या दरडींची जुई आणि दासगाव, सगळ्यांची टिपणे एकाच यादीत मिसळतात. गावाचे नाव फक्त फोल्डरवर लिहिले असेल, तर कोणाची साक्ष कुठल्या डोंगराची हे पुन्हा कसे शोधणार?

दुपारी 4 ते 4.30

तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला.

कुठल्या बातमीत चार वाजता, कुठल्या बातमीत साडेचारला. दोन्ही वेळा ठेवायच्या, ज्याने सांगितली त्याच्या नावासह. नव्या प्रोग्रॅममध्ये आल्यावर सारख्या मथळ्यांच्या नोंदी एकत्र करण्याची सूचना समोर येते. या दिवसाच्या बातम्यांसाठी ती स्वीकारू नये. एकत्र केलेल्या नोंदीत एकच तारीख राहते, आणि इथे दोन बातम्यांमधला फरक हीच माहिती आहे.

23 जुलै, आणि पुढे

मदतपथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. मृतांचा आकडा रोज वाढत गेला. 26 जुलैला शोध थांबला तेव्हा 53 मृतदेह मिळाले होते आणि 31 बेपत्तांना मृत मानायचे ठरले : एकूण 84. नंतरच्या अनेक नोंदींत 87 आहे. यातला कुठलाही आकडा तारखेशिवाय आणि तो देणाऱ्या कार्यालयाच्या नावाशिवाय वापरता येत नाही. कार्यालयाचे नावही वाटेत मोडते. ‘जिल्हाधिकारी कार्यालय, रायगड’ असे लिहिले की नवा प्रोग्रॅम स्वल्पविरामाआधीच्या शब्दांना आडनाव समजतो आणि ‘रायगड’ला व्यक्तीचे नाव. ग्रंथसूचीत मग ‘र. जिल्हाधिकारी कार्यालय’ छापून येते.

म्हणून संग्रह हलवण्याआधी प्रत्येक नोंदीवर गावाच्या नावाचा टॅग लावावा, पूर्ण तारीख आणि वेळ टिपणातही लिहावी, संस्थेचे नाव एकाच रकान्यात अखंड ठेवावे. पलीकडे गेल्यावर निदान 22 ते 26 जुलैच्या नोंदी एकेक उघडून मूळ कात्रणांशी ताडून पाहाव्यात, आणि ते होईपर्यंत जुना संग्रह पुसू नये.