औट्रम आणि नाईक : खानदेशच्या इतिहासातील नामसाम्याचा प्रश्न

एकाच आडनावाच्या प्रसिद्ध व्यक्तींची मालिका लावणे हा चरित्रलेखकांचा जुना छंद होय. आडनाव जितके विरळ, तितकी ती मालिका एकाच घराण्याची व एकाच गुणपरंपरेची भासू लागते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र नामसाम्याकडे शोधाचे साधन म्हणून पाहावयाचे असते, पुरावा म्हणून नव्हे. या दृष्टीने ‘औट्रम’ हे इंग्रजी आडनाव तपासण्याजोगे आहे; कारण इंग्लंडातही विरळ असलेले हे नाव खानदेशच्या इतिहासात धरणगावाशी कायमचे निगडित झाले आहे.

या नावाचा विल्यम औट्रम हा सतराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ. १६७९ साली तो निवर्तला व वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. बेंजामिन औट्रम (१७६४-१८०५) हा डर्बीशायरमधील स्थापत्यविशारद. कालवे व लोखंडी रूळमार्ग बांधण्यात त्याची हयात गेली; बटर्ली येथील लोखंडाचा कारखाना त्याने १७९० मध्ये भागीदारीत काढला. ‘ट्राम’ हा शब्द त्याच्या आडनावाच्या उत्तरार्धातून निघाला, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती; परंतु तो शब्द त्याच्या जन्मापूर्वीच खाणींच्या बोलीत प्रचलित होता. जॉर्ज औट्रम (१८०५-१८५६) हा ग्लासगोच्या ‘हेरल्ड’ पत्राचा संपादक. १९०१ मध्ये कॅनडातील असिनिबॉइन शिखरावर प्रथम चढणारा जेम्स औट्रम हा तर खानदेशातील जेम्स औट्रमचा नातू. दोघांच्याही नावामागे ‘सर’ असल्याने घोटाळा होण्याचा संभव अधिकच.

खानदेशाशी ज्याचा संबंध आला तो जेम्स औट्रम हा बेंजामिनचा पुत्र. त्याचा जन्म १८०३ चा. १८१९ मध्ये तो मुंबई सैन्यात दाखल झाला. तत्पूर्वी १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला होता व कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे मुख्य ठाणे केले होते. होळकरांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ व पेंढाऱ्यांचा उपद्रव यांनी प्रांत उजाड झालेला होता. घाटांची व गावांची राखण करून परंपरागत हक्क घेणारे भिल्ल नाईक या अराजकात आपल्या वृत्तीस मुकले. त्यांच्या टोळ्या सातपुडा व सातमाळा या डोंगरांत शिरल्या. केवळ लष्करी मोहिमांनी हा प्रश्न सुटेना, तेव्हा १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या आणि भिल्ल पलटण उभारण्याचे काम औट्रमकडे आले. पलटणीचे ठाणे धरणगाव हे होते.

औट्रमने भिल्लांमध्ये मिसळून, त्यांच्यासह वाघांची शिकार करून त्यांचा विश्वास संपादन केला, हे इंग्रज लेखकांचे कथन निराधार नाही. १८३५ पर्यंत तो या कामावर होता. परंतु खानदेशचे ‘शमन’ हे एका पुरुषाच्या शौर्याचे व ममतेचे फळ होते, असे जे चित्र त्यातून उभे राहते, ते एकांगी आहे. माफी, नेमणुका, लागवडीस जमीन व तगाई ही सरकारी धोरणाची अंगे होती. कन्नडच्या एजन्सीत ओव्हन्स हा अधिकारी तेच धोरण राबवीत होता. शिवाय विश्वास संपादण्यापूर्वी टोळ्यांवर हत्यार चालविले गेले होते आणि १८३० च्या डांग मोहिमेत हीच पलटण डांगच्या भिल्लांवर नेण्यात आली. ममता आणि बळ ही दोन्ही साधने एकाच हाती होती.

१८५७ साली हा व्यवहार कसोटीस लागला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाजा नाईक बंडात उतरला. भीमा नाईक त्याला मिळाला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे इंग्रज फौजेशी भिल्लांचा मोठा संग्राम झाला. भिल्ल पलटण सरकारपक्षी राहिली. म्हणजे भिल्लांविरुद्ध भिल्ल उभे ठाकले. त्याच सुमारास औट्रम लखनौच्या मोहिमेत होता. पुढे भीमा नाईक यास अंदमानात पाठविण्यात आले. त्याच अंदमानातील एका बेटास औट्रमचे नाव आहे.

येथे नामसाम्याचा दुसरा पैलू पुढे येतो. खाजा, भीमा आणि नाशिक-नगरकडे लढून १८५९ मध्ये पडलेला भागोजी हे तिघेही ‘नाईक’ म्हणून नोंदले गेले. परंतु नाईक हे येथे घराण्याचे नाव नव्हे. ते अधिकाराचे पद होय. त्यांचे नामसाम्य नाते दर्शवीत नाही, तर दर्जा दर्शविते. औट्रमची वंशावळ सरदारकीच्या नोंदींतून पिढ्यान्‌पिढ्या लावता येते. नाईकांची ओळख मात्र त्यांच्याशी लढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारातून शोधावी लागते आणि तेथे पदालाच आडनाव समजण्याची चूक सहज घडते.

औट्रम १८६३ मध्ये निवर्तला व त्याचेही दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले. कोलकात्याचा एक घाट व सिंगापूरचा एक रस्ता त्याच्या नावाने ओळखला जातो. विरळ नाव जतन होणे सोपे असते. ज्यांच्या बळावर ते नाव खानदेशात मोठे झाले, त्या पलटणीतील शिपायांची नावे दप्तरांतून एकेक करून वेचणे आणि ‘नाईक’ या पदाआड दडलेली माणसे वेगळी करणे, हे खानदेशच्या इतिहासकाराचे खरे कर्तव्य होय.