बुडालेल्या आगबोटींची साक्ष



अंबाजोगाई हें बालाघाटच्या डोंगरांतील क्षेत्र. येथून समुद्र फार दूर. तथापि येथील योगेश्वरी ही कोंकणांतील अनेक घराण्यांची कुलदेवता असल्यामुळें किनाऱ्याचा आणि या गांवाचा ऋणानुबंध पिढ्यान् पिढ्यांचा आहे. रस्ते व रेल्वे होण्यापूर्वीं कोंकणचा माणूस मुंबईस जावयाचा तो बहुधा आगबोटीनेंच. त्या आगबोटींपैकीं जी अत्यंत भयंकर रीतीनें बुडाली, तिला नांव होतें समर्थ रामदासांचें. आणि समर्थांचें जन्मगांव जांब हें तर मराठवाड्यांतलेंच. म्हणून बुडालेल्या आगबोटींची हकीकत येथील श्रोत्यांस अगदींच परकी वाटूं नये.

उष्ण समुद्रांत बुडालेलीं जहाजें खालीं उतरून पाहण्याचा छंद आतां पुष्कळांस लागला आहे. पूर्वीं पाणबुड्याच्या डोक्यावर तांब्याचें जड शिरस्त्राण असे आणि वरून नळीवाटे त्याला हवा पुरवावी लागे. इ. स. १९४३ मध्यें कुस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं पाठीवर वागविण्याच्या हवेच्या नळकांड्यास एक झडप जोडली. भोंवतालच्या पाण्याचा दाब जितका, तितक्याच दाबाची हवा ती श्वासागणिक देते. त्यामुळें माणूस पाण्यांत मोकळेपणानें हिंडूं लागला. पथ्य मात्र कडक आहे. दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. रक्तांत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊं नयेत म्हणून वर येतांना सावकाश यावें लागतें.

अशा पाणबुड्यांचें एक आवडतें स्थान म्हणजे तांबड्या समुद्रांतील अबू नुहास हा प्रवाळाचा खडक. पी. अँड ओ. कंपनीची 'कर्नाटिक' ही उतारूंची आगबोट तेथें पडली आहे. ती १८६२ सालीं लंडन येथें पाण्यांत सोडण्यांत आली. सांगाडा लोखंडी, बाहेरच्या फळ्या लांकडी आणि वाफेच्या यंत्राच्या जोडीला शिडें, असा तिचा थाट होता. १२ सप्टेंबर १८६९ रोजीं ती सुएझहून मुंबईस यावयास निघाली. तिच्यावर ३४ उतारू, १७६ खलाशी व इतर नोकर, कापूस, तांब्याचे पत्रे, टपाल आणि ४०,००० पौंडांचें नाणें होतें. त्याच मध्यरात्रीनंतर ती खडकावर आदळली.

बोट लगेच बुडाली नाहीं, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ती खडकावर घट्ट बसली, दिवस उजाडला, शदवान बेट जवळच होतें आणि होड्याहि होत्या. परंतु त्याच कंपनीची 'सुमात्रा' लवकरच त्या वाटेनें यावयाची होती, म्हणून कप्तानानें सर्वांस बोटीवरच ठेविलें. तो दिवस गेला. रात्रीं पाणी बॉयलरपर्यंत चढलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्त्रियांस होड्यांत उतरविण्यास आरंभ होतो न होतो तोंच बोट दुभंगली आणि ३१ माणसें प्राणांस मुकलीं. उरलेले शदवान बेटास लागले. वाहत आलेला कापूस पेटवून त्यांनीं खूण केली व अखेर 'सुमात्रे'नें त्यांस उचलून घेतलें. चौकशी होऊन कप्तानाचें प्रमाणपत्र ९ महिन्यांपुरतें तहकूब झालें. पुढें दोनच महिन्यांनीं, १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं, सुएझचा कालवा खुला झाला.

आज 'कर्नाटिक' सुमारें २७ मीटर खोल वाळूवर डाव्या कुशीवर पडलेली आहे. लांकूड कुजून गेलें. उरलेल्या लोखंडी फांसळ्यांमधून सूर्यप्रकाश आंत उतरतो, त्यांवर प्रवाळ चढलें आहे आणि कांचेसारख्या पारदर्शक माशांचे थवे आंत फिरतात. तांबड्या समुद्रास मोठी नदी मिळत नाहीं व पाऊसहि अत्यल्प, म्हणून तेथील पाणी इतकें स्वच्छ. पण पाणी कितीहि स्वच्छ असलें, तरी कप्तानानें वाट पाहण्यांत दवडलेले ते तास पाणबुड्यास दिसत नाहींत.

आपल्या किनाऱ्याजवळ याच्या उलट स्थिति आहे. खाड्यांचा गाळ, भरती-ओहोटी आणि पावसाळा यांमुळें मुंबईजवळचें पाणी गढूळ असतें. त्या पाण्यांत १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास महिनाहि उरला नसतां, 'रामदास' बुडाली. ती १९३६ सालीं इंग्लंडांत बांधलेली होती. जिला लोक प्रेमानें 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, त्या स्वदेशी कंपनीची ही बोट. याच कंपनीच्या बोटींतून गोरगरीब उतारू जात-येत असत. सकाळीं आठ वाजतां भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ तुफान लाटांनीं ती कलंडली. भ्यालेले उतारू एका बाजूस धांवले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. इतक्या जवळ घडलेली गोष्ट मुंबईस कळावयास सायंकाळ झाली. तोंवर जे वांचले, ते पोहून किंवा कोळ्यांच्या हातून वांचले. मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनीं ती समुद्रांत लोटून दिली आणि होड्यांत माणसें घेतलीं. वास्तविक या मार्गाला इशारा पूर्वींच मिळाला होता. १९२७ च्या नोव्हेंबरांत 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच वादळांत बुडाल्या होत्या.

या दोन्हीं अपघातांचा सगळा दोष समुद्राच्या माथीं मारतां येत नाहीं. एकीवर सुटकेचें साधन होतें, परंतु तें वेळेवर वापरलें गेलें नाहीं. दुसरीवर हांक मारण्याचें साधनच नव्हतें. हें कळतें तें चौकशीच्या कागदांतून आणि वांचलेल्यांच्या तोंडून.

'कर्नाटिक'चे कागद राहिले आहेत आणि तिचा सांगाडाहि डोळ्यांनीं पाहतां येतो. 'रामदास'च्या बाबतींत घरोघरच्या आठवणी हाच मोठा आधार आहे, आणि त्या सांगणारे आतां थोडेच उरले आहेत. ज्यांच्या घरीं त्या दिवसाची कांहीं हकीकत वडीलधाऱ्यांकडून आली असेल, त्यांनीं ती नांवगांवासह लिहून ठेवावी. गढूळ पाण्यांत गेलेल्या त्या माणसांचा इतिहास एवढ्यानेंच शाबूत राहील.