कट्यारीची तबकडी

जुन्या घरांचे माळे रिकामे करण्याचे दिवस आले आहेत. तांब्यापितळेची भांडी तोलून जातात आणि त्यांच्यासवे काळ्या तबकड्याही जातात. त्यांपैकी एकीविषयी ज्ञातिबंधुभगिनींपुढे दोन शब्द मांडावेत, असे आम्हांस वाटते. ती म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाच्या पदांची ध्वनिमुद्रिका होय.

नाट्यपदे तबकडीवर येण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन घराण्यांची तालीम बुवांनी घेतली होती. जी गायकी एरवी दरबारात व उस्तादांच्या घरी राखली जाई, ती अशा रीतीने तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडली. पुढे बालगंधर्वांची पदे लाखेच्या तबकडीवर उतरली आणि ज्यांस नाट्यगृह दुर्लभ होते, त्यांच्याही ओसरीवर पोहोचली. मात्र मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. ‘वन्समोअर’ घेत रंगणारे पद तेथे आखडून गावे लागे. १९४८ साली अमेरिकेत विनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची तबकडी निघाली, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन राहू लागले.

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व निवर्तले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘कट्यार’चा पहिला प्रयोग झाला. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे. पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, तर खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे होते. दोन घराण्यांतील स्पर्धा हा नाटकाचा वरवरचा विषय. खरा विषय विद्येच्या मालकीचा आहे. आपली गायकी परक्यास मिळू नये म्हणून खाँसाहेब दार लावून घेतात, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव तीच विद्या चोरून संपादन करू पाहतो. विशेष हे की, घराण्याचा हा कडवा राखणदार ज्यांनी उभा केला, त्या वसंतरावांनी स्वतः अनेक गुरूंपुढे बसून विद्या मिळविली होती.

या नाटकाची पदे विनाइलवर आली, तेव्हा जे दार खाँसाहेबांनी लावले होते, ते तबकडीने उघडले. एकच पद पंडितजींच्या ढंगाने कसे फुलते आणि खाँसाहेबांच्या ढंगाने कसे पेटते, हे गंडा न बांधता, चोरी न करता, कोणाही मुलास सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकता आले. तबकडीने गुरू दिला नाही, हे खरे. चुकलेला स्वर ती सुधारीत नाही, आणि अभिनयही तिच्यात उतरत नाही. परंतु ऐकण्याचा अधिकार तिने सर्वांस दिला.

विद्या आपल्याच घरात राहावी, हा मोह ज्ञातींसही सुटलेला नाही. आम्हीही त्यास अपवाद नाही. म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. माळ्यावरील तबकड्या भंगारात घालू नका. त्या उन्हापासून दूर, एकमेकींवर न रचता उभ्या ठेवा. आणि ठेवाल, तर कुलूप लावून ठेवू नका. शेजारचे मूल ऐकावयास आले, तर त्यास आत घ्या.